सदतीस टिंबं

“काकू, आता अर्धा तास घरात एकदम चिडीचूप पाहिजे,” फिरोज म्हणाला.

“हो हो. माझं काय,” आई म्हणाली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर लावला.

हे आम्हाला सहा मिनिटांनी कळलं. तोवर फिरोजने बाबांच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या होत्या, पंखा थांबवला होता, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून टेबलावर ठेवला होता आणि मला हातातल्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. पेन्सिलीएवढा बारीक एक माइक उभा धरून तो खोलीच्या मधोमध उभा होता. त्याच्या लॅपटॉपवर खोलीचं चित्र होतं आणि चित्रात सदतीस टिंबं. एकेका टिंबाच्या जागी माइक न्यायचा. मग बाबांच्या दोन मोठ्या स्पीकरमधून आधी टकटक यायची, आणि त्यानंतर एक लांबलचक आवाज, म्हशीच्या हंबरण्याइतका खाली सुरू होऊन शिट्टीइतका वर चढत जाणारा. हा आवाज खोलीत कुठे फुगतो आणि कुठे मरतो, ते माइक टिपणार. सदतीस ठिकाणचं टिपून झालं की सॉफ्टवेअर खोलीचे दोष आवाजातून वजा करून देणार. फिरोजने हे मला समजावून सांगितलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. माणसांसाठी असं काही निघालं नव्हतं.

पहिल्या टिंबावर आवाज चढत चढत अगदी टोकाला पोचला, आणि तिथे त्याला आमच्या कुकरची साथ मिळाली.

लॅपटॉपवर लाल अक्षरं आली.

“काय म्हणतंय?” मी विचारलं.

“म्हणतंय, खोलीत गोंगाट आहे. पुन्हा करा.”

“आई!” मी ओरडले.

“झालं का?” आतून आवाज आला. “बसा मग जेवायला.”

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आई होती तोवर मी ती कुणाला सांगितली नाही, कारण सांगायला लागले की ती मध्येच “मी असं काही केलेलं नाही” म्हणायची आणि पुढचं सगळं तिच्या पद्धतीने सांगायची. आता मध्ये बोलायला कोणी नाही.

बाबांना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. मी नागपूरहून कराडला आले होते ती आईला घेऊन जायला. अठरा रिकामी खोकी आणली होती. आईने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. “येते की,” म्हणाली होती, “मला कुठेही दोन भाकऱ्या भाजायच्या आहेत.” घर आवरायचं, तर सुरुवात बाबांच्या खोलीपासून करायची असं मी ठरवलं. ती एकदा मोकळी झाली की बाकीचं घर म्हणजे नुसती भांडी आणि पांघरुणं. म्हणून फिरोजला बोलावलं.

फिरोज मुजावर विट्याचा. घरातल्याच दोन खोल्यांत त्याचा स्टुडिओ होता. लग्नाची गाणी, कव्वाल्या, शाळांची स्वागतगीतं असलं काम. चाळिशीचा, शांत, शब्दाला पक्का माणूस. बाबांची आणि त्याची फोनवरची दोस्ती होती. “काकांचे स्पीकर कधी निघणार असतील तर पहिलं मला सांगा,” असं तो पूर्वी कधीतरी गंमतीत म्हणाला होता. मी फोन केला तेव्हा त्याने आधी आईची चौकशी केली. मग म्हणाला, “येतो ताई. पण मोजून बघेन आधी. वापरात होते ना, आत काही बसलं असेल तर मोजल्यावरच कळतं. कान खोटं बोलतो, आकडा नाही बोलत.”

आता बाबांच्या स्टुडिओबद्दल सांगायला हवं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या आठवड्यात मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकायला लागले. हळूहळू कॉम्प्युटर आला, माइक आला, हेडफोन आले आणि शेवटी ते दोन स्पीकर, ज्यांच्यासाठी आमच्याकडे एक वर्ष आंबा आला नाही. मोठमोठे गवई रेकॉर्ड करावेत अशी सामग्री. आणि काम कसलं? रिक्षावरच्या जाहिरातींचं. गावातून भोंगा लावून जी रिक्षा फिरते तिच्यातला आवाज. सर्कस, सतरंज्यांचा सेल, पाणी येणार नाही, घरगुती मसाले कुटून मिळतील. हे सगळं कराडात वीस वर्षं बाबांच्या आवाजात सांगितलं गेलं. एका मिनिटाच्या जाहिरातीवर ते दोन-दोन दिवस बसत.

“बाबा, भोंग्यातून जाणार आहे ते,” मी एकदा म्हटलं होतं. “त्यात कसला बास आणि कसलं काय.”

“भोंगा वाईट आहे म्हणून आपण वाईट द्यायचं?” ते म्हणाले होते आणि त्यांनी हेडफोन पुन्हा कानावर चढवले होते.

ते हेडफोन मला कधी आवडले नाहीत. बाबा दिवसभर ते लावून बसायचे, आणि घरात संवाद म्हणून जो होता तो त्यामुळे खुणांवर आला होता. चहा हवा का, तर आई कप दाखवायची. स्पीकरचा प्रकार तर त्याहून विचित्र. ते लावले की बाबा स्वतः टेबलावरून उठायचे आणि हाताची घडी घालून दारात जाऊन उभे राहायचे. टेबलासमोरची त्यांची खुर्ची रिकामी. खोलीत उरायची आई, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन. स्वतः गोंगाट करायचा, स्वतः पळून दारात उभं राहायचं, आणि ही बिचारी त्यात खडे निवडत बसलेली. सुट्टीला आले की हे चित्र बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. “तू दुसरीकडे का बसत नाहीस?” मी विचारायचे. “इथे उजेड चांगला येतो,” ती सांगायची.

त्यातून तिचा डावा कान लहानपणी फुटला होता. त्या बाजूने तिला अर्धंमुर्धंच ऐकू यायचं. नको असलेलं सगळं ती त्या बाजूने ऐकत असे.

तर त्या रविवारी फिरोज सकाळी दहाला आला. आल्या आल्या त्याने बाबांच्या फोटोला हात जोडले, चपला कोपऱ्यात नीट लावल्या आणि खोलीत पाऊल टाकताच म्हणाला, “हे वाकडे का आहेत?”

स्पीकर खरंच वाकडे होते. दोघांची तोंडं खिडकीकडे वळलेली. झाडताना हलले असतील, असं मी म्हटलं. त्याने ते दोन्ही टेबलासमोरच्या खुर्चीकडे सरळ केले, मांडून बघितले, मान डोलावली आणि हात धुवायला गेला. परत आला तर स्पीकर पुन्हा खिडकीकडे बघत होते.

“मी सरळ केले होते ना आता?”

“केले होतेस.”

त्याने खाली वाकून फरशी बघितली. “उतार आहे वाटतं,” म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला दिसला नाही. त्याने पुन्हा सरळ केले. आई दारातून हे बघत होती. हातात फडकं होतं.

कुकरनंतर आम्ही पुन्हा पहिल्या टिंबापासून सुरुवात केली. चार टिंबं निर्विघ्न झाली. प्रत्येक टिंबाला तो लांब आवाज यायचा आणि समोरच्या पेरूच्या झाडावरचे पोपट उडून जायचे. पाचव्या टिंबाला मिक्सर लागला.

मी स्वयंपाकघरात गेले. आई चटणी वाटत होती. अगदी निवांत, दर दोन सेकंदांनी झाकण उघडून आत बघत होती, जसं काही चटणी पळून जाणार होती.

“आई, चिडीचूप म्हणजे भांड्यांनीसुद्धा.”

“मग त्याने जेवायचं काय? एवढ्या लांबून आलाय.”

“भात झालाय की मघाशी.”

“तो साधा.”

“मग आता?”

“आता मसालेभात लावलाय.”

शेगडीवर दुसरा कुकर होता. मी तो बंद केला. आई म्हणाली, “बंद केलास ना? आता कच्चा राहिला तर त्याला सांग, सॉफ्टवेअरने शिजवलाय.”

“मशीन सुरू असताना आवाज करू नकोस एवढंच म्हणतोय तो.”

“मला काय कळतंय, तुमचं मशीन कधी सुरू असतं ते. माझ्या कानाचं तुला माहितीये.”

“आई, तो आवाज ऐकून पोपट उडाले झाडावरचे.”

“त्यांचे दोन्ही कान चांगले आहेत,” आई म्हणाली.

मी फिरोजला म्हटलं, पुन्हा कर. तो बिचारा रुमालाने मान पुसत होता. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतींना गाद्या. मे महिन्यात कराडला त्या खोलीत आंब्याची अढी घातली असती तर दुपारपर्यंत पिकली असती. पण तक्रार नाही. “घरात माणसं असली की आवाज व्हायचाच,” म्हणाला. “माझ्याकडे तर आमची अम्मी माप घेताना बरोबर शेवटच्या टिंबाला शिंकते.”

या खेपेला अकरा टिंबं झाली. मी भिंतीला टेकून श्वास मोजत होते. बाराव्या टिंबाचा आवाज अर्ध्यावर चढला असेल, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. एकदा नाही. कुणीतरी बटणावर अंगठा रोवून उभं असावं तशी.

दारात पलीकडच्या सुलूमावशी होत्या. पदर खोचलेला, धापा टाकत.

“अगं बाई, बंब आलाय की काय गावात? सकाळपासून भोंगा ऐकतेय मी! आग कुठे लागली?”

“कुठे नाही मावशी. बाबांचे स्पीकर मोजतोय.”

“स्पीकर मोजायचे काय त्यात? दोन तर आहेत.” त्या आत आल्या, फिरोजकडे आणि त्याच्या हातातल्या उभ्या माइककडे संशयाने बघितलं आणि हाक मारली, “कुमुद! अगं कुठे पडलीस तू?”

आई पोह्यांचा डबा पुसत बाहेर आली. चांगली ठणठणीत.

“मी कशाला पडू?”

“तूच नाही का फोन केलास आत्ता? म्हणालीस, लगेच ये, आणि बेल जोरात मार, मला ऐकू येत नाही. मला वाटलं, काय झालं. गॅसवर दूध ठेवून आलेय मी!”

फिरोजने माइक खाली घेतला.

“आई?” मी म्हटलं.

“कढीपत्ता हवा होता मला,” आई म्हणाली.

“कढीपत्ता तुझ्या दारात आहे,” सुलूमावशी म्हणाल्या. “तीन पिढ्यांचा.” मग त्यांना दूध आठवलं आणि त्या आल्या तशा गेल्या.

मला राग आला होता. अडीच महिने मी नीट वागले होते. रडले नव्हते, दिवसकार्य पार पाडलं होतं, सगळे कागद सह्या करून पाठवले होते. आणि ही बाई, जिने उभा जन्म त्या खोलीतला गोंगाट सोसला, ती खोली मोकळी होतेय तर पायात पाय घालत होती.

“तुला स्पीकर द्यायचे नसतील तर तसं सांग.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“काही म्हणत नाहीस हेच तर!”

“ताई, राहू द्या,” फिरोज मध्ये पडला. “गरमीने होतं असं. आपण एक करू. ही वेताची खुर्ची तेवढी बाहेर काढू. वाटेत येतेय, माइक फिरवायला जागा नाही.” आणि त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून ती उचलली.

“ती हलवायची नाही.”

आई ओरडली नव्हती. पण असा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी एकदाच ऐकला होता, मी पाच वर्षांची असताना विहिरीच्या काठावर वाकले होते तेव्हा.

फिरोजने खुर्ची होती तिथे ठेवली. फरशीवर तिच्या पायांचे चार गोल डाग पडले होते. त्या डागांवर त्याने पाय बरोबर जुळवून बसवले. मग जरा वेळाने, हळूच, म्हणाला, “काकू, नाही मोजत मी. काकांनी स्वतः कधी मोजलेलं असेल ना? त्यांच्या कॉम्प्युटरवर असेल बघा. ते बघितलं तरी माझं काम भागेल.”

आईने स्वतःच जाऊन बाबांच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, चौकोनी घडी करून बाजूला ठेवलं आणि पुन्हा दारापाशी जाऊन उभी राहिली.

बाबांच्याकडे तेच सॉफ्टवेअर होतं, जरा जुनं. फिरोजने यादी उघडली. यादीत दोनच नावं होती. पहिलं, “मी – हेडफोन.” दुसरं, “कुमुद.”

“हे कुमुद म्हणजे?”

“आईचं नाव.”

“पासवर्डला ठेवतात तसं नाव दिलं असेल,” तो म्हणाला आणि उघडलं. पडद्यावर खोलीचं चित्र आलं. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याच्या जागी एक लहानसं डोकं. फिरोज बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेपण आलं. मेलेल्या माणसाच्या हिशोबात चूक सापडावी तसं.

“ताई, काकांचं चुकलंय हो हे.”

“काय चुकलंय?”

“हे बघा, ऐकणारा माणूस दोन्ही स्पीकरपासून दोन मीटर तीस सेंटीमीटरवर दाखवलाय. आणि टेबलाची खुर्ची तर मीटरभरावर आहे. काका टेलिफोन खात्यातले, मोजमापात इतके कसे…” तो थांबला. “टेप आहे का घरात?”

बाबांचा स्टीलचा टेप खणातच होता. त्याने एका स्पीकरला टेप लावला, दुसऱ्याला मी सुतळी लावली, दोन-तीस मोजून. दोघं दोन बाजूंनी ताणत मागे मागे सरकलो. माझी सुतळी आणि त्याचा टेप जिथे भेटले तिथे मध्ये काहीतरी अडलं. वेताच्या खुर्चीची पाठ.

मी फिरोजकडे बघितलं. तो मान वळवून स्पीकरकडे बघत होता.

“म्हणजे ते वाकडे नव्हते,” तो म्हणाला.

तो परत कॉम्प्युटरपाशी गेला. आता तो घाईने वाचत होता आणि वाचता वाचता स्वतःशीच बोलत होता. “डावा स्पीकर सहा डेसिबल वर. जवळजवळ दुप्पट. आणि डाव्याचे वरचे सूर आणखी चढवलेत. असं कोणी करत नाही. यावर काहीही लावलं तरी ते एका बाजूला कलंडलेलं ऐकू येणार. ऐकणाऱ्याची डावी बाजू जर…”

इथे तो गप्प झाला.

त्या दिवशीची ती पहिली शांतता. सॉफ्टवेअरला सकाळपासून हवी होती तशी. पोपटसुद्धा गप्प होते. पण माइक टेबलावर आडवा पडला होता आणि ती कोणी मोजली नाही.

“तीन दिवस लागले होते,” आई दारातून म्हणाली. “मला तिथे बसवून ठेवलं होतं. हलू नको म्हणायचे. ती काठी घेऊन माझ्याभोवती सदतीस ठिकाणी उभे राहिले, पूजेला प्रदक्षिणा घालावी तसे. मग कानाचं वेगळं. एकेक आवाज थोडा थोडा वाढवायचे. आता आला? आता आला? पायाला मुंग्या आल्या माझ्या. म्हटलं, डॉक्टरकडे न्या, तो पाच मिनिटांत सांगेल. तर म्हणाले, डॉक्टरला या खोलीत तुला कसं ऐकू येतं ते कळणार आहे का?”

“पण कशासाठी?” मी म्हटलं.

“कशासाठी म्हणजे? जाहिरात पास कोण करणार?”

मला कळेना. आई माझ्याकडे, पहिलीतल्या मुलाकडे बघावं तशी बघत होती.

“रिक्षा फिरते तेव्हा घरात कोण असतं? बाया. कोण भांडी घासतंय, कोण पोर रडवतंय. एक कान कामात, उरलेल्या कानात जे शिरेल ते. ते म्हणायचे, माझे कान चांगले आहेत, माझ्या कानांचा काही उपयोग नाही. कुमुदला कळलं की गावाला कळलं. मी पास म्हटल्याशिवाय एक जाहिरात बाहेर गेली नाही या घरातून. सर्कशीची तर चौदा वेळा परत केली मी. वाघ म्हणताना घाबरल्यासारखे म्हणायचे.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस? तू आलीस ती खोकी घेऊन.”

आई फिरोजकडे वळली.

“आणि नव्याने मोजलं की जुनं पुसलं जातं ना? ते म्हणायचे, जपून, एकदा नवीन बसलं की जुनं गेलं.”

फिरोजने तोंडावरून हात फिरवला. “काकू, मी माझ्या लॅपटॉपवर मोजत होतो. काकांच्या कॉम्प्युटरला मी हातसुद्धा लावला नव्हता. काही पुसलं नसतं.”

आईने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“हे सकाळी सांगता येत नव्हतं?” ती म्हणाली. “दोन कुकर वाया गेले.”

फिरोजला हसू फुटलं. मलाही. आई हसली नाही. ती म्हणाली, “ते शेवटचं लाव. दाताचं.”

बाबांनी शेवटी केलेली जाहिरात दंत-तपासणी शिबिराची होती. फिरोजने स्पीकर पुन्हा खिडकीकडे वळवले, “कुमुद” वर टिचकी मारली आणि मला म्हणाला, “बसा ताई तिथे.” मी वेताच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

“दात आपले, काळजी आमची!” बाबा माझ्या डाव्या कानात ओरडले.

अडीच महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. आणि ऐकला तो असा, डावीकडून कोणीतरी खेकसावं तसा, कर्कश, कलंडलेला, जणू ते कपाटाच्या फटीत उभं राहून बोलत होते. मोफत तपासणी. रविवारी सकाळी. येताना जुनी कवळी सोबत आणावी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाने की कानाला टोचल्याने, मला आजही सांगता येणार नाही.

“असं नाही ऐकायचं,” आई म्हणाली. ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिने आपला तळवा माझ्या डाव्या कानावर ठेवला. तळव्याला चटणीचा वास होता. “आणखी जरा दाबते. हं. आता लाव रे पहिल्यापासून.”

बाबांचा आवाज कपाटाच्या फटीतून निघाला, खोली ओलांडून आला आणि माझ्या बरोबर समोर उभा राहिला. हाताच्या अंतरावर. मऊ, भरदार, जराही घाई नसलेला. येताना जुनी कवळी सोबत आणावी, असं त्यांनी मला सांगितलं आणि मला वाटलं, असं प्रेमाने मला आजवर कोणी काही सांगितलेलं नाही.

“ऐकलंस?” आई कानाशी म्हणाली.

“हं.”

“शिबिर म्हणताना शिट्टी वाजते. मी म्हटलं, परत. तर म्हणाले, उद्या बघतो.”

तिने हात काढला. फिरोज पाठमोरा बसला होता, काहीतरी शोधत असल्यासारखा. थोड्या वेळाने त्याने न वळता विचारलं, “काकू, काढू का ती शिट्टी? पाच मिनिटांचं काम आहे. की राहू द्यायची, आहे तशी?”

मला वाटलं, ती नको म्हणेल. मी असते तर नको म्हटलं असतं.

“काढ की,” आई म्हणाली. “चुकलेलं बाहेर गेलेलं त्यांना चालायचं नाही.”

“आणि हे स्पीकर, काकू?”

“पास व्हायच्या आधी कुठे निघालेत ते?” मग मला म्हणाली, “तुझी ती खोकी ने परत. एक ठेव, कांद्याला होईल. आणि ऊठ तिथून.”

मी उठले. फिरोज टेबलासमोर बसला, त्याने बाबांचे हेडफोन उचलले, क्षणभर हातात धरले आणि कानावर चढवले. आईने खिडकी उघडली आणि ती वेताच्या खुर्चीत बसली. मांडीवर सूप घेतलं. खोलीत तिसऱ्याला बसायला जागाच नव्हती, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून घडी घातली.

फिरोजने पाच मिनिटं सांगितली होती, अर्धा तास घेतला. मग हेडफोन काढून त्याने स्पीकर लावले.

दारातून काही धड ऐकू येत नव्हतं. तिथे आवाज नुसता घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. पण तिथून आईचा चेहरा दिसतो. खिडकीतला सगळा उजेड त्याच्यावर पडतो. “दात आपले” ला तिच्या भुवया जरा वर गेल्या. “काळजी आमची” ला ओठ किंचित हलले, बरोबरीने म्हणत असल्यासारखे. शिबिर जवळ आलं तशी सुपातली बोटं थांबली. फिरोजही मान वळवून तिच्याकडे बघत होता. वीस वर्षं बाबा या दारात का उभे राहत, ते मला तेव्हा कळलं.

शिबिर येऊन गेलं. बोटं पुन्हा चालू लागली. तिने एक खडा वेचला, उजेडात धरून बघितला आणि खिडकीबाहेर टाकला.

“परत,” आई म्हणाली.